चमचाभर पाण्याच्या फेऱ्या

आज आपण गच्चीवर जाणार आहोत. ज्यांच्या घरी सोलर आहे त्यांनी मनातल्या मनात त्याच्या काचेच्या नळ्या डोळ्यांसमोर आणा. ज्यांच्याकडे नाही त्यांनी शेजारणीचा आणा. चिकलठाण्यात आता दर चार-पाच घरांमागे एखादा सोलर दिसतोच.

मागच्या डिसेंबरची गोष्ट. चिकलठाण्याच्या वेधशाळेचं तापमान रोज पेपरात येतं, ते सकाळी सकाळी वाचूनच अंगावर काटा यायचा असे ते दिवस होते. आणि नेमकं तेव्हाच आमच्या सोलरचं पाणी कोमट यायला लागलं. आमचा आणि शेजारच्या वहिनींचा मिळून एकच सोलर, शंभर लिटरचा, दहा नळ्यांचा. मिस्त्रीला बोलावलं. त्यानं वर जाऊन दोन नळ्यांना हात लावला आणि खाली येऊन म्हणाला, "काकू, सगळे पाईप गेलेत. आख्खा सेट बदला."

"दहाच्या दहा?"

"जुना माल आहे. एक गेला की सगळे जातात."

त्यानं सांगितलेला आकडा ऐकून वहिनी मट्‌कन पायरीवर बसल्या. त्यांच्या लेकीची फी त्याच महिन्यात भरायची होती. मी म्हटलं, दोन दिवस थांबा. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, तर निदान हे तरी तपासता यावं. आम्ही काय तपासलं ते सांगते, पण त्याआधी हा पाईप काम कसा करतो ते कळायला हवं. ते कळलं की तपासणी आपोआप कळते.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. वरण उकळत असताना झाकण उचललं की त्याच्या आतल्या बाजूनं थेंब ओघळतात. खाली पाण्याची वाफ झाली, वर थंड झाकणाला लागून तिचं पुन्हा पाणी झालं. पाहायला हे साधं वाटतं, पण वाफ वर जाताना एकटी जात नाही. चुलीची उष्णता आपल्या पोटात घेऊन जाते आणि झाकणाला देऊन येते. म्हणून तर झाकणाला फडक्याशिवाय हात लावता येत नाही.

ती किती उष्णता नेते, हे ऐकण्यासारखं आहे. एक ग्रॅम उकळतं पाणी हातावर पडलं आणि शंभर अंशांवरून चाळीस अंशांवर आलं, तर ते साठ कॅलरी उष्णता देतं. एक ग्रॅम वाफ हातावर आली, तर नुसतं तिचं पाणी होतानाच ती पाचशे चाळीस कॅलरी देते. मग त्या पाण्याचे साठ वेगळे. म्हणजे जवळजवळ दहापट. कुकरची वाफ लागलेला हात उकळत्या पाण्यानं पोळलेल्या हातापेक्षा जास्त का होरपळतो, त्याचं कारण हे. (आता विषय निघालाच आहे म्हणून: वाफेनं भाजलं तर हळद नको, टूथपेस्ट नको, बर्फही नको. साधं गार पाणी वीस मिनिटं ओतत राहायचं. आपल्याकडे नळाला पाणी कधी येतं ते तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे नळाखाली हात धरा असं मी म्हणणार नाही. घमेल्यात हात धरून तांब्यानं ओता, घमेल्यातलं पाणी पुन्हा पुन्हा घ्या. भाजलेली जागा मोठी असेल, किंवा चेहऱ्यावर असेल, तर पाणी ओतून झाल्यावर थेट दवाखाना.)

तर वाफ ही उष्णतेची फार मोठी हमाल आहे. आणि ही हमाली करायला तिला पंप लागत नाही, वीज लागत नाही. जी उष्णता न्यायची, तीच तिला पळवते.

आता तुम्ही विचाराल, सोलरच्या नळीत पाणी उकळतं? आणि थंडीत, सकाळी साडेनऊच्या कोवळ्या उन्हात? हो, उकळतं. पाणी शंभर अंशांनाच उकळतं हे आपण शाळेत पाठ केलं, पण ते पूर्ण खरं नाही. पाणी किती अंशांना उकळेल हे त्याच्यावर हवेचा दाब किती आहे त्यावर ठरतं. कुकरमध्ये दाब वाढवला की पाणी एकशेवीस अंशांपर्यंत जातं आणि डाळ पटकन शिजते. आपलं शहर समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळे आपल्या पातेल्यातलं पाणी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. महाबळेश्वरला त्याहूनही आधी. असा दाब कमी करत करत नेला, सगळी हवाच काढून टाकली, तर पाणी तीस अंशांनाही उकळतं. तीस अंश म्हणजे आपल्या अंगापेक्षाही थंड!

सोलरचा हीट पाईप म्हणजे नेमकं हेच. बोटाएवढ्या जाडीची, पुरुषभर उंचीची एक तांब्याची नळी. दोन्ही टोकांना बंद. आतली हवा काढून घेतलेली. आत अगदी थोडं, चमच्यानं मोजावं एवढं शुद्ध पाणी. वरच्या टोकाला जाडसर बोंड असतं, त्याला मिस्त्री लोक बल्ब म्हणतात. ही नळी काचेच्या दुहेरी नळीत सरकवलेली असते, आणि वरचं बोंड टाकीला जोडलेल्या खोबणीत घट्ट बसवलेलं असतं. काचेच्या दोन थरांमध्ये पोकळी असते, थर्मासमध्ये असते तशी, म्हणून आत आलेली उष्णता बाहेर पळत नाही.

ऊन पडलं की तळाचं चमचाभर पाणी उकळतं. वाफ वर धावते. वर बोंडाच्या पलीकडे टाकीतलं थंड पाणी. बोंडाला लागून वाफेचं पाणी होतं, उष्णता टाकीला मिळते, आणि थेंब नळीच्या आतल्या अंगानं ओघळत पुन्हा तळाला येतो. पुन्हा वाफ, पुन्हा थेंब. संध्याकाळपर्यंत हेच.

वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. चमचाभर पाण्यानं शंभर लिटर पाणी तापतं? मग आम्ही दोघींनी पायरीवर बसून हिशोब केला. शंभर लिटर पाणी वीस अंशांवरून साठ अंशांवर न्यायला चार हजार किलोकॅलरी लागतात. गीझरनं तापवलं तर साडेचार युनिटांहून थोडी जास्त वीज. एवढी उष्णता वाफेनं वाहून न्यायची तर दिवसभरात सुमारे सात लिटर पाण्याची वाफ व्हायला हवी. आपल्याकडे दहा नळ्या, प्रत्येकीत एक चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर, असं धरलं तर सगळं मिळून पन्नास मिलिलिटर. सात लिटरला पन्नास मिलिलिटरनं भागा. एकशे चाळीस. म्हणजे तेच चमचाभर पाणी दिवसातून एकशे चाळीस फेऱ्या मारतं.

"आपल्यासारखंच की," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या घरचं पाणी त्या खालच्या टाकीतून तिसऱ्या मजल्यावर हंड्यानं नेतात.

थेंब ओघळून खाली यायला उतार हवा, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. म्हणून या नळ्या कधीच आडव्या ठेवायच्या नाहीत. वाऱ्याला अडथळा नको म्हणून किंवा खालून दिसायला नीट दिसावं म्हणून कोणी स्टँड फार बसका करायला सांगितलं, तर ऐकू नका. आपला भाग विषुववृत्तापासून वीस अंश उत्तरेला आहे. नळ्यांची तोंडं दक्षिणेकडे आणि चढ तीस-पस्तीस अंशांचा, एवढा ठेवला की हिवाळ्याचं खाली उतरलेलं ऊनही नीट मिळतं आणि थेंबालाही वाट मिळते. हिवाळ्यासाठीच तर आपण सोलर घेतो. मे महिन्यात टाकीतलं साधं पाणीच चटका देतं.

या नळीचा मला सगळ्यात आवडणारा गुण वेगळाच आहे. रात्री टाकीत गरम पाणी असतं आणि बाहेर थंडी. मग ती उष्णता उलट्या वाटेनं नळीतून बाहेर का जात नाही? कारण वाफ व्हायला पाणी हवं, आणि पाणी तर सगळं तळाला जाऊन बसलेलं. वरचं बोंड गरम असलं तरी तिथे उकळायला काही नाही. वाट बंद. कसली झडप नाही, चावी नाही, आणि तरी ही वाट एकाच दिशेनं चालते.

या एकाच दिशेच्या वाटेचा उपयोग लोकांनी फार लांब केला आहे. अमेरिकेत अलास्का नावाचं बर्फाळ राज्य आहे. तिथे १९७७ साली तेलाची एक लांबलचक पाईपलाईन सुरू झाली. तिथली जमीन खालून कायम गोठलेली, आणि गोठलेली आहे तोवरच पक्की. तेल गरम. त्या उष्णतेनं जमीन वितळली तर खांब खचणार. म्हणून त्या खांबांमध्ये अशाच बंद नळ्या घातल्या, एक लाखाहून जास्त, फक्त पाण्याऐवजी अमोनिया भरलेल्या. हिवाळ्यात वरची हवा जमिनीपेक्षा थंड असते, तेव्हा खालचा अमोनिया वाफ होऊन जमिनीतली उष्णता वर हवेत नेऊन टाकतो. उन्हाळ्यात वर गरम झालं की काम आपोआप बंद, बाहेरची उष्णता खाली जात नाही. तिबेटमध्ये जाणाऱ्या रेल्वेच्या रुळांकडेलाही चीननं अशा नळ्या रोवल्या आहेत. आपला सोलर पाणी तापवतो आणि तिथे तीच युक्ती जमीन गोठवून ठेवते.

पण अवकाशात काय करायचं? तिथे थेंबाला खाली ओढणारं गुरुत्व जाणवत नाही. वर-खालीच नाही, तर थेंब परत येणार कसा? त्याचं उत्तर आपल्या देवघरात आहे. समईची वात तेल वर चढवते, कोणी ढकलत नाही तरी. तशीच नळीच्या आतल्या अंगाला बारीक जाळी किंवा बारीक खाचा ठेवायच्या, की पाणी किंवा अमोनिया त्यांतून चढत परत येतो. अमेरिकेत जनरल मोटर्समधल्या रिचर्ड गॉगलर यांनी १९४२ साली अशा वातीच्या नळीसाठी पेटंटचा अर्ज केला होता, पण तेव्हा कोणाला तिची गरज वाटली नाही. पुढे १९६३ साली लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे बनवली, तिला 'हीट पाईप' हे नाव दिलं, आणि अवकाशयानं बनवणाऱ्यांनी ती उचलून धरली. आपल्या इस्रोच्या दळणवळण उपग्रहांच्या भिंतींमध्येही अशा नळ्या असतात. आणि मुलांचा लॅपटॉप कधी दुरुस्तीला उघडला तर डोकावून बघा. पंख्याकडे गेलेली चपटी तांब्याची पट्टी दिसेल, ती पट्टी नाही, नळी आहे.

आता परत गच्चीवर.

हीट पाईप मरतो कसा? त्यात हलणारा भाग नाही, त्यामुळे झिजत काही नाही. पण सांध्यातून हळूहळू हवा आत शिरली, किंवा आतल्या आत वेगळा वायू तयार झाला, की घोळ होतो. वाफ धावत वर जाते आणि त्या हवेलाही ढकलत वर नेते. वाफेचं पाणी होतं, ते खाली परततं. हवेचं पाणी होत नाही. ती बोंडातच ठाण मांडून बसते, दारात बसून राहिलेल्या पाहुण्यासारखी. ना स्वतः जाते, ना दुसऱ्याला आत येऊ देते. मग वाफेला टाकीपर्यंत पोचताच येत नाही. नळी खाली कडक तापलेली आणि बोंड थंड, हे मेलेल्या पाईपचं लक्षण. चीर मोठी असेल तर आतलं पाणीच निघून जातं, तेव्हाही बोंड थंडच.

म्हणजे तपासायचं काय ते समोर आलं. खाली उष्णता द्यायची आणि वर बोंडाला ती पोचते का ते बघायचं.

इथे मी एक चूक केली, ती तुम्ही करू नका. पहिला पाईप मी सकाळी अकरा वाजता, नळ्या उन्हात असतानाच ओढून काढला. थंडीचे दिवस, ऊन कोवळं, काय होणार, असं वाटलं. टाकीत असताना त्या बोंडाची उष्णता पाणी घेत असतं. बाहेर काढलं की घेणारं कोणी नाही, आणि ते शंभर अंशांच्या पुष्कळ वर जाऊ शकतं. नेमका तो पाईप चांगला होता! माझ्या उजव्या तळहातावर अजून डाग आहे. विज्ञानाच्या बाई म्हणून घरात अजून थट्टा चालते.

म्हणून रीत अशी. आदल्या संध्याकाळी नळ्यांवर जाड चादर टाकून बांधून ठेवा. काम सूर्य उगवायच्या आत करा. हातात जाड मोजे घाला, काच फुटू शकते. आणि पाईप काढण्याआधी एक गोष्ट नक्की करून घ्या, की तुमच्या सोलरमध्ये बोंडासाठी कोरडी खोबण आहे. काही प्रकारांत बोंड रबराच्या वायसरमधून थेट टाकीतल्या पाण्यात असतं. ते ओढलं तर टाकी अंगावर रिकामी होईल. आणि सगळ्यात स्वस्त प्रकारात हीट पाईप नसतोच, टाकीतलं पाणीच थेट काचेच्या नळीत उतरतं. तुमचा कोणता ते बिलावर लिहिलेलं असतं. नसेल तर विकणाऱ्याला विचारा, आणि पाईप काढण्याचं काम माहीतगार माणसाकडूनच करून घ्या. आपण फक्त समोर उभं राहून बघायचं.

आम्ही माझ्या पुतण्याला बोलावलं, तो एमआयडीसीत कामाला आहे. बादलीत गरम पाणी घेतलं, हात घालवणार नाही इतपत. एकेक पाईप तिरका धरून त्याचं खालचं टोक बादलीत बुडवायचं, वरच्या बोंडाला वहिनींनी बोटाच्या मागच्या बाजूनं हळूच हात लावायचा, आणि मी घड्याळ बघायचं. पहिला पाईप, अर्ध्या मिनिटात वहिनींनी हात मागे घेतला. "अगंबाई, इकडे कसं आलं हो इतक्या लवकर!" दुसरा, तोही तसाच. तिसऱ्याला दोन मिनिटं झाली, तीन झाली, बोंड गारच. पुतण्यानं त्याच्यावर खडूनं फुली मारली. खात्रीसाठी त्यानं कारखान्यातून तेवढ्याच लांबीचा एक साधा तांब्याचा तुकडाही आणला होता. तो बादलीत धरला. चहा पिऊन झाला तरी वरचं टोक थंड. तांबं उष्णता नेतं, पण एवढ्या लांब पटकन नेणं त्याच्याच्यानं होत नाही. ते काम वाफेचं.

दहापैकी सात पाईप धडधाकट निघाले. फुली तिघांवर.

पण तीन पाईप गेले म्हणून पाणी इतकं कोमट का व्हावं, हे काही पटेना. सात नळ्यांनी निदान आंघोळीपुरतं तरी तापवायला हवं होतं. मग आणखी दोन गोष्टी सापडल्या. एका काचेच्या नळीच्या तळाशी आरशासारखी चंदेरी चमक असते, ती पांढरी, खडूसारखी झाली होती. त्या चमकेचं कामच आहे पोकळी राखण्याचं. ती पांढरी पडली म्हणजे काचेच्या दोन थरांत हवा शिरली, थर्मास फुटला. हे तर कोणीही खाली वाकून, काही न उघडता बघू शकतं. दुसरी गोष्ट बोअरच्या पाण्याची. आपल्या खडकातलं पाणी जड. किटलीत जसा पांढरा थर बसतो, तसा टाकीच्या आत खोबणींवर क्षाराचा थर बसला होता. पाईप बिचारा उष्णता दारापर्यंत आणून देत होता, दारच बुजलेलं. तो थर साफ करून घेतला. बोंड आणि खोबण यांच्यामध्ये उष्णता नेणारी एक पेस्ट भरतात, ती वाळून भुगा झाली होती, ती नवी भरली.

मिस्त्रीला पुन्हा बोलावलं. फुल्या दाखवल्या. त्याला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण तो मुकाट्यानं बादलीजवळ बसला, स्वतः एक पाईप धरून बघितला, आणि म्हणाला, "हे आम्हाला कोणी दाखवलंच नाही, काकू." ते खरं असावं. तो नळ्या बसवायला शिकला होता, तपासायला नव्हे. तीन पाईप आणि एक काच, एवढंच नवं आणलं. पुढच्या आठवड्यात वहिनींच्या लेकीची फी वेळेवर भरली गेली.

मेलेल्या तीन पाईपांपैकी एक पुतण्यानं कापून बघितला. आत काहीच नव्हतं, एक थेंबसुद्धा नाही. उरलेले दोन आणि कापलेले तुकडे वहिनींनी भंगारवाल्याला दिले. तो पत्र्याच्या भावानं मागत होता, वहिनींनी तांब्याच्या भावानं लावले.